बँकेतनं आणलेल्या चिल्लरच्या पिशवीत काय काय सापडतं? कोल्हापूरकरांनी आपापलं लिहा

ओटीवाला_महाद्वार

नमस्कार मंडळी. महाद्वार रोडला आमचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे, खण, नारळ, हळदकुंकू, वेणी वगैरे, त्यामुळं चिल्लर हा रोजचाच विषय. अंबाबाईला आलेला माणूस पाचशेची नोट काढतो आणि आत टाकायला सुट्टे मागतो. स्कॅनर आल्यापासनं मोड कमी लागते हे खरं, पण देवीपुढं नाणं ठेवल्याशिवाय लोकांचं समाधान होत नाही आणि ते बरोबरच आहे. तर आठवड्यातनं एकदा मी बँकेतनं एकच्या आणि दोनच्या पिशव्या आणतो, १०० नाण्यांची एक प्लॅस्टिकची पिशवी असते ती.

चार महिन्यांपूर्वी दुपारी लाईट गेली होती, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दोनची एक पिशवी पेपरावर ओतली आणि गल्ल्यात लावत बसलो. त्यात एक अकरा कोनांचं जुनं दोनचं नाणं निघालं, पालथं केलं तर छत्रपती शिवाजी महाराज. १९९९ सालचं. आपल्या राजाचं नाणं आणि मी ते किती वेळा न बघता दोन रुपये म्हणून लोकांच्या हातात ठेवलं असेल, याचं त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. तेव्हापासनं एकही पिशवी न बघता गल्ल्यात जात नाही.

आतापर्यंत साधारण ६० पिशव्या झाल्या म्हणजे ६००० नाणी. महाराजांचं दोनचं एकूण ३ मिळाली, संत ज्ञानेश्वरांचा रुपया (हाही १९९९ चाच) २, रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हाचं २००३ चं दोनचं ५, सरदार पटेलांचं एक, नेताजींचं एक. संत तुकारामांचं २००२ चं दोनचं मात्र अजून हाताला लागलेलं नाही आणि मला तेच पाहिजे. विकायचं काही नाही, एकदा देहूला नेऊन पादुकांजवळ ठेवून परत आणायचं एवढीच इच्छा आहे.

आता प्रश्न. एक, वर्षाच्या खाली टिंब, चांदणी, चौकट असल्या खुणा असतात त्याचं नेमकं काय? दोन, बँकेच्या पिशवीत जास्त मिळतं का गिऱ्हाइकाच्या हातातनं आलेल्यात? तीन, साफ कशानं करायचं? मी पहिलं सापडलेलं नाणं चिंच-मीठ लावून घासलं, चकाचक झालं, पण आता ते बघवत नाही, काहीतरी गेलंय त्यातलं.

राजारामपुरी_९वी_गल्ली

दादा भारी धागा काढलात. खुणांचं मी सांगतो कारण माझं सगळं कलेक्शन खुणांवरच आहे.

वर्षाच्या बरोबर खाली बघायचं. चौकोनी हिऱ्यासारखी खूण म्हणजे मुंबईची टाकसाळ, पाच टोकांची चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. नोएडाची टाकसाळ सगळ्यात नवी, १९८८ पासनंची, त्यामुळं त्याच्या आधीच्या वर्षाच्या नाण्यावर कुणी नोएडाचं टिंब दाखवलं तर सावध व्हायचं. आपल्याकडं मुंबईचीच नाणी जास्त येतात असं माझं निरीक्षण आहे, कोलकात्याचं मिळायला जरा बघावं लागतं.

पण खरी मजा परदेशी टाकसाळींची. आपल्याकडं नाण्यांचा तुटवडा पडला की सरकारनं बाहेरनं पाडून आणली होती. १९८५ चा रुपया बघा, वर्षातल्या शेवटच्या आकड्याखाली एच असेल तर तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा, आणि पहिल्या आकड्याखाली बारीक हिरा असेल तर वेल्समधल्या लान्ट्रिसंटचा, म्हणजे ब्रिटिश रॉयल मिंटचा. खूण तीच हिऱ्याची पण जागा वेगळी, त्यामुळं लोक मुंबईचं समजून सोडून देतात. १९८८ च्या आठाण्यावर सी असेल तर ते कॅनडातल्या ओटावाचं. नंतर १९९७ ते ९९ च्या सुमाराला परत बाहेरनं मागवली, रुपयावर गोलात एमके असेल तर स्लोव्हाकियातल्या क्रेम्नित्साचं, पाचच्या जाड नाण्यावर एमएमडी असेल तर मॉस्कोचं. क्रेम्नित्साची टाकसाळ १३२८ पासनं चालू आहे. तो रुपया मला खासबागेत भेळेच्या गाडीवर मोड म्हणून मिळाला, त्या दिवशी भेळ हातात तशीच राहिली.

मोड_हाय_का

मी केएमटीत, म्हंजी कोल्हापूरच्या शहर बसला, कंडक्टर हाय. तुमच्या दोन नंबरच्या प्रश्नाचं माझ्याकडनं उत्तर घ्या. बँकेच्या पिशवीत वरचेवर तेच ते येतं कारण ती मोठ्या गल्ल्यांतनं, दानपेट्यांतनं येती आणि बऱ्याचदा नवीकोरी पण असती. माणसाच्या हातातली मोड लई निराळी. म्हातारी माणसं कनवटीला बांधलेलं सोडतात, त्यात कधीकधी वीस वर्षं बाहेर न आलेलं नाणं असतं. शिंगणापूर, वडणगे, पाडळी असल्या गावच्या बाजूला सकाळच्या पाळीला जातो तेव्हा मला जास्त घावतं. महाराजांचं दोनचं माझ्याकडं ११ हायती. तुकाराम महाराजांचं एकच, ते मात्र देणार न्हाई दादा, राग मानू नका, आईच्या देवघरात हाय.

आणि एक. जुना मोठा रुपया आणि आत्ताचं दोनचं नाणं, दोन्ही २५ मिलिमीटर, वजनपण सारखंच. अंधारात सारखी गल्लत व्हती. आम्हा कंडक्टर लोकांचं त्यात लई नुकसान झालंय, पण बोटानं ओळखायची सवय त्यामुळंच लागली.

गडहिंग्लजची_सून

मला यातलं काही कळत नाही पण एक विचारायचं होतं. सासूबाईंच्या डब्यात वैष्णोदेवीचं पाचचं नाणं आहे आणि तो १९८५ चा एच वाला रुपया पण आहे. मोबाईलवर सारखं येतं की याचे लाखो रुपये मिळतात. जाऊबाईंनी एका नंबरवर फोन केला तर ते म्हणाले आधी रजिस्ट्रेशनचे पंधराशे भरा, मग माणूस घरी येऊन पैसे देऊन जाईल. भरावेत का?

निवृत्त_रोखपाल

ताई, एक रुपयाही भरू नका. मी ३१ वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर काढली म्हणून हक्कानं सांगतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत बँक स्वतः पडत नाही, त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि असं करायचा अधिकार कुणाला दिलेलाही नाही. फोनवर आधी पैसे मागणारा माणूस नाणं घ्यायला येतच नसतो. पंधराशे भरले की तो जीएसटी मागतो, मग कुरिअर, मग अजून काहीतरी. माझ्या समोर काउंटरवर रडलेली माणसं आहेत हो. कष्टाचे पैसे गेलेले असतात त्यांचे.

वैष्णोदेवीचं नाणं २०१२ सालचं आहे, पाच आणि दहाचं, श्राइन बोर्डाच्या पंचवीस वर्षांनिमित्त काढलेलं. सुंदर आहे, जपून ठेवा, पण ते दुर्मीळ नाही. एच वाला रुपयाही तसाच, तुटवडा भरून काढायला मोठ्या प्रमाणात पाडलेला. ज्या नाण्याचं काम तुटवडा मिटवायचं होतं ते दुर्मीळ कसं असेल, एवढाच विचार करायचा.

ओटीवाले, तुमच्या पिशव्यांविषयी. एकाच बँकेतनं आणत असाल तर तुमचीच नाणी फिरून तुमच्याकडं येतात. बघून झालेली नाणी भरायची शाखा वेगळी ठेवा. आणि नाणी भरायला गेल्यावर कुणी नाही म्हणालं तर नम्रपणे सांगा की रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणं कुठल्याही शाखेला नाणी नाकारता येत नाहीत. शंभर-शंभरच्या पिशव्या करून दिल्या की समोरच्या कॅशियरलाही त्रास होत नाही. आम्हाला सुटी पोती ओतून देणाऱ्यांचा राग यायचा, नाण्यांचा नाही.

गडहिंग्लजची_सून

खूप आभार काका. जाऊबाईंना लगेच फोन केला, अजून भरले नव्हते. सासूबाई म्हणतात दोन्ही नाणी नातवाला देणार.

हुपरीकर

चिंच-मीठ वाचून काळजात चर्र झालं राव. आम्ही चांदीकाम करणारी माणसं, चिंच रिठा हे आमचं रोजचं, पण दागिना वेगळा आणि नाणं वेगळं. नाण्यावर वर्षानुवर्षं धरलेला जो रंग असतो तो त्याचा पुरावा असतो, तो काढला की जाणकार माणूस हातात घेऊन परत देतो. आंबट पदार्थ धातूची वरची साय खातो, मग नाणं चमकतं पण ती चमक टाकसाळीची नसते. साध्या पाण्यात बुडवायचं, सुती कापडावर ठेवून टिपायचं, चोळायचं नाही. धरताना कडेला धरायचं, तोंडावर अंगठा ठेवायचा नाही. आणि त्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका, तांबं असलेल्या नाण्याला हिरवा चिकट थर येतो. कागदी चौकोनी होल्डर मिळतात, पारदर्शक खिडकीचे, ते बरे.

आणखी एक सांगतो कारण आमच्याकडं दर महिन्याला कुणीतरी घेऊन येतं. कमळाचं पिवळं वीस पैशाचं नाणं, १९६८ ते ७१ मधलं. त्यात सोनं आहे म्हणून लोकांनी मंगळसूत्रात ओवली, वितळवली. त्यात सोनं नाही. तांब्याचा मिश्रधातू आहे. वितळवण्यात जेवढी गेली तेवढं आपलंच नुकसान झालं.

घाटावरचा

पंचगंगा घाटावर लोहचुंबक दोरीला बांधून नाणी काढणारी पोरं बघितली असतील सगळ्यांनी. मी लहानपणी तेच केलंय आणि आता चाळिशीत पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जातो. त्यातनं शिकलेली गोष्ट लिहितो. चुंबकाला स्टीलचीच नाणी चिकटतात, म्हणजे साधारण नव्वद सालानंतरचा रुपया, स्टीलचे आठाणे चाराणे. जुनी जाड पाचची आणि अकरा कोनी दोनची तांबं-निकेलची, ती चिकटत नाहीत, ती हातानंच चाचपून काढावी लागतात. म्हणून पोरांच्या हाताला महाराजांचं नाणं लागत नाही, ते तिथंच वाळूत राहतं.

पण चुंबकाला कधीकधी जुनं खूप मोठं नाणं चिकटून येतं तेव्हा समजायचं की शुद्ध निकेल. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, १९५० चा अशोकस्तंभाचा पहिला रुपया निकेलचा, आणि १९६२ पासनं १९७४ पर्यंतचा मोठा रुपया पण निकेलचा, नेहरूंचा १९६४ चा धरून. १९७५ पासनं तांबं-निकेल झालं मग चिकटायचं थांबलं. मला ३ वर्षांपूर्वी शिवाजी पुलाच्या खालच्या अंगाला १९४७ चा वाघ मिळाला, काळाठिक्कर, पण वाघाचा पट्टा न पट्टा दिसतो. कुणीतरी देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला पंचगंगेला वाहिलेला रुपया आणि तो माझ्या चुंबकाला लागला. अंगावर काटा येतो राव आजपण.

मोड_हाय_का

घाटावरचा, भावा फोटो टाक की त्या वाघाचा. लई दिवस झालं बघायचंय.

राजारामपुरी_९वी_गल्ली

चुंबकाचं हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे दहा रुपयाला विकायला ठेवलेला १९५० चा रुपया खरा का बनावट हे चुंबकानं पहिल्या फेरीत कळेल. चिकटलाच नाही तर सरळ परत.

अजून एक राहिलं, एरर, म्हणजे टाकसाळीतच चुकीचं पडलेलं नाणं. पिशवी बघताना वर्ष आणि खूण बघून झाली की नाणं वर-खाली दोन बोटांत धरून आडवं फिरवायचं. आपल्याकडच्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला उभ्या असतात, फिरवल्यावर मागची बाजू तिरकी किंवा उलटी आली तर डाय, म्हणजे छापाचा साचा, फिरलेली, ते बाजूला काढायचं. छाप एका बाजूला सरकलेला असेल तर ऑफ सेंटर. आणि एका बाजूला सरळ छाप, दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा खोलगट, याला जुने लोक लखी म्हणतात, ते मिळालं तर आयुष्याचं सार्थक. घासलेलं, ठोकलेलं, भाजलेलं नाणं म्हणजे एरर नव्हे, टाकसाळीच्या बाहेर झालेली इजा आहे ती. हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली.

ओटीवाला_महाद्वार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. हुपरीकर, तुमचं वाचून ती चिंच कायमची बंद. मोड हाय का, राग कसला, देवघरात आहे तेच योग्य.

दहाच्या नाण्याचं पण लिहा कुणीतरी. आमच्या इथं अजून काही दुकानदार दहाचं नाणं घेत नाहीत, खोटं आहे म्हणतात. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, असलं काय काय.

निवृत्त_रोखपाल

सगळी खरी आहेत. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की दहाच्या नाण्याचे तोपर्यंत १४ नमुने निघाले होते आणि चौदाही चलनात आहेत. २०१० मध्ये रुपयाचं चिन्ह आलं, २०११ पासनं ते नाण्यांवर आलं, म्हणून चिन्ह असलेलं आणि नसलेलं अशी दोन्ही दिसतात. १४४४० हा टोल फ्री नंबर आहे, तिथं फोन केला की माहिती ऐकवतात, दुकानदाराला स्पीकरवर ऐकवा. जमा करणाऱ्याला यात संधीच आहे, चौदा नमुने चलनातनं गोळा करणं हा पोरांसाठी उत्तम खेळ, खर्च एकशे चाळीस रुपये आणि तेही बुडत नाहीत.

बंद कुठली झाली तर चाराणे आणि त्याखालची, ३० जून २०११ पासनं. आठाणे अजून कायदेशीर आहेत, कोल्हापुरात कुणी घेत नाही ही गोष्ट वेगळी.

आणि ओटीवाले, तुमच्यासाठी काउंटरवरची एक युक्ती. पिशवी फोडायच्या आधी वजन करा. १९९२ पासनंचा मोठा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, शंभर म्हणजे ४८५. २०११ पासनंचा लहान रुपया ३.७९ चा, शंभर म्हणजे ३७९. म्हणजे ३७९ च्या वर जे भरेल ते जुन्या नाण्यांमुळं, एका जुन्यामागं १.०६ ग्रॅम. फोडायची कुठली आणि तशीच गल्ल्यात ठेवायची कुठली ते काट्यावरच कळतं.

राजारामपुरी_९वी_गल्ली

काका युक्ती एक नंबर पण त्यात एक भर घालतो. २०१९ च्या नव्या मालिकेतला रुपया अजून लहान आहे, २० मिलिमीटर, ३.०९ ग्रॅम. तो पिशवीत असला की वजन खाली ओढतो आणि जुनी नाणी लपतात. म्हणजे ३७९ भरलेल्या पिशवीत पण जुनी असू शकतात.

निवृत्त_रोखपाल

बरोबर आहे तुझं. मी निवृत्त झालो तेव्हा ती मालिका आली नव्हती. म्हणजे वजनावरून पिशवी घ्यायची ठरवता येईल, सोडायची नाही.

हुपरीकर

विषय निघालाच आहे तर टाऊन हॉलच्या म्युझियमला एकदा पोरांना घेऊन जावा सगळ्यांनी. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ ला उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू तिथं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या गावात शिशाची नाणी चालत होती, विळिवायकुर नावाच्या राजांची, धनुष्यबाण काढलेली. कोल्हापूरचं नाव नाण्यांच्या अभ्यासात त्यासाठी घेतात. आपण मोड मोजतो तीच नदी, तोच काठ.

ओटीवाला_महाद्वार

काल संध्याकाळी दुकान बंद करून तराजू घेऊन बसलो. मुलगी, नववीत आहे, वही घेऊन शेजारी. रुपयाच्या सहा पिशव्या होत्या, पाच ३८० च्या आसपास, एक रिकाम्या प्लॅस्टिकचं वजन सोडून ४०१. काकांच्या हिशोबानं २१ जुनी निघायला पाहिजे होती. निघाली २३. मुलगी म्हणाली हिशोब चुकला, मग राजारामपुरीवाल्यांचं आठवलं आणि परत शोधलं तर एकदम बारके ३ रुपये निघाले. तिनं गुणाकार केला, २३ मोठे, ७४ मधले, ३ बारके, ४०१.२८. जुळलं! दोघं मोठ्यांदा ओरडलो, बायको आतनं बघायला आली.

त्या २३ मध्ये ज्ञानेश्वरांचा एक, हैदराबादच्या चांदणीचे ६, आणि १९९८ चा गोलात एमके वाला एक. तो मुलीनं ठेवून घेतला, तिला स्लोव्हाकिया नकाशात शोधायचाय.

उद्या दोनच्या पिशव्या आणतोय, वेगळ्या शाखेतनं. दोनच्या नाण्यांची वजनं कुणाकडं असतील तर आज रात्रीपर्यंत टाका, अकरा कोनी जुनं ६ ग्रॅमचं एवढं मला माहीत आहे, बाकीच्यांची पाहिजेत.

मोड_हाय_का

आत्ताचं २०११ नंतरचं ४.८५, मोठ्या रुपयाएवढंच, वर लिवलंय बगा. २०१९ नंतरचं ४.०७. मधल्या काळातलं, हाताच्या बोटांचं चित्र असलेलं, उद्या डेपोतल्या काट्यावर टाकून सांगतो. आणि दादा, रविवारी सुट्टी हाय, दुकानावर येतो, तुकाराम महाराजांचं घेऊन. द्यायला न्हाई, पण मुलीला बगायला तरी मिळंल.

ओटीवाला_महाद्वार

या या. चहा इथंच घ्या. घाटावरचा, तुम्ही पण वाघ घेऊन या.